शेव्हरोले व्होल्टचे ॲव्हरेज

नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ शेव्हरोले व्होल्ट या गाडीने ह्याच प्रश्नाची पंचाईत करून ठेवली. ऑगस्ट २००९ मध्ये, गाडी बाजारात यायच्या सव्वा वर्ष आधी, जनरल मोटर्सने जाहीर केले की शहरात ती गॅलनला २३० मैल जाईल. आपल्या हिशेबात लिटरला जवळपास ९८ किलोमीटर. प्रत्यक्षात अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचे लेबल गाडीच्या काचेवर लागले तेव्हा त्यावर पेट्रोलचा आकडा होता गॅलनला ३७ मैल, म्हणजे लिटरला पावणेसोळा किलोमीटर. आणि विनोदवीर जे लेनो, ज्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या-नव्या गाड्यांची जत्रा भरलेली असते, त्यांच्या व्होल्टने पहिले ११ हजार मैल एकदाही पेट्रोल पंपाचे तोंड न पाहता काढले.

गाडी एकच आणि उत्तरे तीन. त्यातले कंपनीचे उत्तर जाहिरातबाजीचे होते, हे मान्य. पण उरलेली दोन्ही खरी होती.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय, हे आधी सरळ सांगून टाकलेले बरे, कारण आपल्याकडे ‘हायब्रिड’ हा शब्द आता कशालाही चिकटवतात. २०२२ मध्ये भारतात आलेली होंडा सिटी ई-एचईव्ही ही हायब्रिड आहे, पण तिला वायर लावता येत नाही. तिची छोटी बॅटरी इंजिनातून आणि ब्रेक मारताना परत मिळणाऱ्या ऊर्जेतून भरते. म्हणजे मूळ खर्च पेट्रोलचाच, फक्त तो काटकसरीने होतो. प्लग-इन हायब्रिडमध्ये बॅटरी बरीच मोठी असते आणि ती घरच्या प्लगवर भरता येते. भरलेली असेल तोवर गाडी विजेवर धावते, संपली की पेट्रोलवर. रोजचा फेरा विजेत बसला तर पेट्रोलचा खर्च शून्य. रोज लांबचा प्रवास असेल किंवा वायर लावायचाच कंटाळा असेल, तर तीच गाडी चांगल्या पेट्रोल गाडीइतपत पेट्रोल पिते, वर बॅटरीचे ओझे फुकट वाहते.

व्होल्टची कथा सुरू होते ती एका नामुष्कीतून. जनरल मोटर्सने नव्वदच्या दशकात ईव्ही-वन नावाची निव्वळ विजेची गाडी काढली, ती भाडेपट्ट्याने लोकांना दिली आणि पुढे परत घेऊन बहुतेक गाड्या चिरडून टाकल्या. त्यावर २००६ मध्ये माहितीपट निघाला आणि कंपनीची छी-थू झाली. त्याच वर्षी टेस्लाने आपली रोडस्टर लोकांपुढे आणली. जनरल मोटर्सचे तेव्हाचे उपाध्यक्ष बॉब लुट्झ हे मोठ्या इंजिनांचे शौकीन. पण कॅलिफोर्नियातली एक नवखी कंपनी लिथियम-आयन बॅटरीवर गाडी काढते आणि आपण हात बांधून बसतो, हे त्यांना सहन होईना. जानेवारी २००७ च्या डेट्रॉईट प्रदर्शनात व्होल्टचे पहिले रूप दिसले. मधल्या काळात, जून २००९ मध्ये, कंपनीचे दिवाळे निघाले, सरकारी पैशावर ती पुन्हा उभी राहिली, आणि तरीही हा प्रकल्प गुंडाळला गेला नाही. डिसेंबर २०१० मध्ये डेट्रॉईट-हॅमट्रॅमॅक कारखान्यातल्या पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या.

मराठी वाचकाला ही कंपनी परकी नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. ऐंशी वर्षांनी, २००८ मध्ये, पुण्याजवळ तळेगावला तिचा कारखाना उभा राहिला. तिथल्या शेव्हरोले बीट गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. व्होल्ट मात्र भारतात कधीच विक्रीला आली नाही.

गाडीचे पोट उघडून पाहिले तर आधी नजरेत भरते ती बॅटरी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, सुमारे साडेपाच फूट लांब, जवळपास १९८ किलो वजनाची. टीचा उभा दांडा दोन सीटांच्या मधून मागे जातो आणि आडवी रेघ मागच्या सीटखाली बसते. त्यामुळे मागे मधल्या माणसाला जागाच उरली नाही आणि पहिली व्होल्ट चक्क चार माणसांची गाडी झाली. दिसायला ती सेडान, पण मागची काच डिकीच्या दारासकट वर उचलली जाते, म्हणून काटेकोर मंडळी तिला हॅचबॅकच्या रांगेत बसवतात.

बॅटरीची क्षमता १६ युनिटांची. पण गाडी त्यातली जेमतेम साडेदहा युनिटेच वापरू देत असे. बॅटरी काठोकाठ भरायची नाही आणि तळ गाठेपर्यंत उपसायची नाही, असा नियम इंजिनिअरांनी घालून ठेवला होता. शिवाय बॅटरीतून सतत द्रव फिरत असे, उन्हाळ्यात थंड ठेवायला आणि हिवाळ्यात ऊब द्यायला. त्याच सुमारास आलेल्या निसान लीफने बॅटरी थंड करण्याची अशी सोय केली नव्हती, आणि ॲरिझोनाच्या उन्हात लीफच्या बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होऊ लागल्या. व्होल्टची बॅटरी त्या मानाने फार टिकाऊ निघाली. ओहायोतल्या एका मालकाने रोजच्या लांबलचक नोकरीच्या प्रवासात आपल्या व्होल्टवर तीन लाख मैलांहून जास्त अंतर कापले, तेही मूळ बॅटरीवर. कंपनीने क्षमतेचा तिसरा हिस्सा झाकून ठेवल्याबद्दल तेव्हा कुरकुर झाली होती. आज पाहता त्या गाडीतला सगळ्यात शहाणा निर्णय तोच.

विजेवर ती ५६ किलोमीटर जाई. हा आकडा अंदाजपंचे ठरलेला नव्हता. चार अमेरिकी माणसांतली तीन माणसे दिवसाला ४० मैलांच्या आतच गाडी चालवतात, या पाहणीवर सगळे गणित उभे होते. घरच्या साध्या प्लगवर बॅटरी रात्रभरात, दहाएक तासांत भरे. २४० व्होल्टचा चार्जर असेल तर चार तासांत.

आता चालवायला कशी? चावी नाही, निळे बटण दाबायचे. आवाज काहीच येत नाही, म्हणून पहिल्यांदा बसणारा हमखास पुन्हा बटण दाबतो आणि गाडी बंद करून टाकतो. ३६८ न्यूटन-मीटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळत असल्याने सिग्नलवरून पिकअप झकास. पण गाडीचे वजन १७०० किलोच्या पुढे, त्यामुळे शून्यापासून ताशी ९६ किलोमीटर गाठायला नऊएक सेकंद लागत. म्हणजे शर्यतीची गाडी ती नव्हे. जड बॅटरी तळाशी असल्याने वळणावर मात्र ती जमिनीला धरून बसे, आणि वेग वाढला तरी आत शांतता राही. बॅटरी भरलेली असताना ॲक्सिलरेटर मुळापर्यंत दाबला, ताशी १६० चा वेग गाठला, तरी इंजिन सुरू होत नसे. हेच तिचे वेगळेपण. २०१२ मध्ये आलेली प्लग-इन प्रियस विजेवर १८ किलोमीटरही धड जात नव्हती, आणि जरा जोरात पळवली की तिचे इंजिन जागे व्हायचे.

बॅटरी संपल्यावर १.४ लिटरचे इंजिन कामाला लागे, तिथे व्होल्टचा रुबाब थोडा उतरायचा. इंजिनाचे मुख्य काम जनरेटर फिरवून वीज बनवणे. त्यामुळे त्याच्या आवाजाचा आणि चालकाच्या पायाचा मेळ नसे. पाय स्थिर आणि इंजिन मात्र मध्येच घुरघुरतेय, असा प्रकार. इंजिन चाकांना कधीच थेट जोडलेले नसते, असे कंपनी आधी सांगत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये उघड झाले की बॅटरी संपल्यावर हायवेच्या वेगात ते गिअरमार्फत चाकांनाही हात लावते. लगेच ‘जनरल मोटर्स खोटे बोलली’ असा गिल्ला झाला. खरे तर त्या जोडणीने पेट्रोल वाचतच होते. पण २३० मैलांची फुशारकी मारून झाल्यावर कंपनीचे ऐकून घ्यायला कोण बसले होते?

घाटाचे काय, हा आपल्याकडचा हमखास प्रश्न. बॅटरी रिकामी आणि समोर लांबलचक चढ, अशा वेळी ८४ हॉर्सपॉवरचे इंजिन एकटे पुरे पडत नाही. त्यासाठी ‘माउंटन मोड’ दिलेला होता. चढाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी तो लावायचा, मग गाडी बॅटरीत थोडी वीज राखून ठेवते आणि चढावर ती वापरते. बटण दाबायला विसरला तर भर घाटात गाडी मंदावू शकते. खोपोलीला चहाला थांबतानाच हे लक्षात ठेवावे लागले असते.

पेट्रोल टाकीची तऱ्हा तर याहून मजेशीर. जो मालक महिनोन्‌महिने विजेवरच फिरतो, त्याच्या टाकीतले पेट्रोल शिळे होते. त्यातले हलके घटक उडून जातात. म्हणून व्होल्टला हवाबंद, दाब सोसणारी पोलादी टाकी बसवली. पेट्रोल भरायचे तर आधी दारावरचे बटण दाबायचे, पडद्यावर थांबा अशी सूचना येते, टाकीतला दाब हळूहळू सुटतो, आणि मगच झाकण उघडते. एवढे करूनही पेट्रोलचे सरासरी वय वर्षभराचे झाले की गाडी आपणहून इंजिन चालू करून ते जाळून टाकते. इंजिन दीड महिनाभर सुरूच झाले नसेल तरी ती काही मिनिटे ते चालवून घेते, वंगण फिरावे म्हणून. कडाक्याच्या थंडीतही, बॅटरी भरलेली असली तरी, आतल्या माणसांना ऊब द्यायला इंजिन अधूनमधून सुरू होई. पेट्रोल वापरायचेच नाही अशी प्रतिज्ञा केलेल्या मालकांना याचा भारी राग येत असे.

या गाडीच्या कामगिरीचा सगळ्यात बोलका पुरावा आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या अभ्यासातून मिळाला. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या पैशावर चाललेल्या ‘ईव्ही प्रोजेक्ट’मध्ये हजारो लीफ आणि व्होल्ट गाड्यांच्या धावण्याची नोंद ठेवली गेली. लीफची बॅटरी मोठी, एका चार्जमध्ये व्होल्टच्या दुप्पट अंतर जाणारी, आणि तिला इंजिनच नाही. तेव्हा विजेवरचे किलोमीटर लीफचेच कितीतरी जास्त भरणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात लीफ वर्षाला सरासरी १५,६०० किलोमीटर धावली आणि व्होल्टने नुसत्या विजेवर सुमारे १४,७०० किलोमीटर कापले. व्होल्टचे एकूण अंतर सुमारे १९,७०० किलोमीटर. म्हणजे चारातले तीन किलोमीटर विजेवर. कारण माणसाच्या स्वभावात आहे. लीफचा मालक वाटेत अडकण्याच्या धास्तीने बॅटरी राखून वापरत होता आणि लांबच्या कामाला दुसरी गाडी काढत होता. व्होल्टवाल्याला अडकायची भीती नव्हती, म्हणून तो बॅटरी बिनधास्त शेवटपर्यंत वापरे, आणि पेट्रोल जळू नये म्हणून लीफवाल्यापेक्षा जास्त वेळा वायर लावे. कोणी दिवसातून दोनदासुद्धा.

वायर लावायची ही आवड प्रत्येकाला असते असे मात्र नाही, आणि युरोपने त्याचा धडा चांगलाच घेतला. तिथे प्लग-इन हायब्रिडला करात सवलत मिळते म्हणून कंपन्यांनी साहेबलोकांना या गाड्या भराभर दिल्या. पेट्रोलचा खर्च कंपनीचा. मग रात्री घरच्या विजेवर गाडी कोण भरणार? ब्रिटनमध्ये २०१८ साली अशा गाड्यांचा ताफा तपासताना काहींच्या डिकीत चार्जिंगची वायर प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट तशीच पडलेली सापडली. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधन-मापकांची आकडेवारी मांडली: प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाले. साध्या पेट्रोल गाड्यांत हा फरक वीसएक टक्क्यांचा आहे. दोष तंत्रात थोडाच होता. त्या बऱ्याचशा गाड्या म्हणजे जाडजूड एसयूव्हीला नावापुरती बॅटरी आणि लहानशी मोटर जोडलेल्या. नियम पाळल्याचा कागद मिळवण्यापुरत्या. व्होल्टची बांधणी उलट होती. आधी विजेची गाडी आणि मग तिच्या सोबतीला इंजिन.

मग इतकी चांगली गाडी चालली का नाही? एक तर आग. मे २०११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एका व्होल्टची खांबावर आपटून सुरक्षा चाचणी झाली आणि सुमारे तीन आठवड्यांनी, आवारात नुसती उभी असताना, ती पेटली. बॅटरीतला थंडावा देणारा द्रव गळून वरच्या इलेक्ट्रॉनिक पट्टीवर साचला होता. रस्त्यावरच्या कोणत्याही अपघातात असे घडलेले नव्हते, कंपनीने बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करून दिला आणि जानेवारी २०१२ मध्ये चौकशीही बंद झाली. पण तोवर निवडणुकीचे वर्ष उजाडले होते. सरकारी पैशावर वाचलेल्या कंपनीची गाडी म्हणून व्होल्ट राजकीय टोमण्यांची धनी झाली. निवृत्तीनंतर आपण व्होल्ट घेऊ, असे बराक ओबामा यांनी म्हटल्यावर तर विरोधकांना ती अधिकच खुपू लागली.

दुसरे कारण किंमत. ४१ हजार डॉलर मोजा, मग साडेसात हजार डॉलर करात परत मिळवा, आणि हाती काय, तर चार सीटांची मध्यम गाडी, तीही महागडे प्रीमियम पेट्रोल मागणारी. २०१२ साठी ४५ हजार गाड्यांचे लक्ष्य होते, अमेरिकेत विकल्या गेल्या २३,४६१.

२०१६ सालची दुसरी आवृत्ती जवळपास प्रत्येक तक्रारीला उत्तर देणारी होती. १८.४ युनिटांची बॅटरी, विजेवर ८५ किलोमीटर, १.५ लिटरचे शांत इंजिन, साधे पेट्रोल, बॅटरी संपल्यावर लिटरला १८ किलोमीटरच्या आसपास, आणि मागे मध्ये पाचवी सीट, जिच्यावर लहान मूलच बसू शकेल. किंमत सात-आठ हजार डॉलरांनी कमी. पण तोवर अमेरिकी ग्राहक सेडानकडे पाठ फिरवून उंच गाड्यांकडे वळला होता आणि पेट्रोलही स्वस्त झाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने व्होल्ट बंद करत असल्याचे जाहीर केले, फेब्रुवारी २०१९ मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. हेच यंत्र उंच गाडीत का बसवले नाही, हा प्रश्न व्होल्टचे मालक अजून विचारतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

लहान प्लग-इन सेडानचा धागा चीनने उचलला. किंबहुना तिथे तो आधीच हातात होता. बीवायडीची एफ-थ्री-डीएम व्होल्टच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर २००८ मध्ये विक्रीला आली आणि सपशेल आपटली. पहिल्या वर्षभरात शंभर गाड्यासुद्धा खपल्या नाहीत. बीवायडी मात्र मागे हटली नाही. २०२१ मध्ये आलेल्या छिन प्लस डीएम-आय सेडानचे तत्त्व व्होल्टच्याच घराण्यातले: शहरात मोटर चाके फिरवणार, इंजिन जनरेटर फिरवणार आणि मोठ्या वेगात क्लच लागून इंजिन थेट चाकांना हात देणार. दीड लिटरचे इंजिन फक्त याच कामासाठी घडवले आणि त्याची औष्णिक कार्यक्षमता ४३ टक्क्यांपर्यंत नेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची सुरुवातीची किंमत ७९,८०० युआनवर आली, आपल्या नऊ लाख रुपयांच्या आसपास. त्या वर्गातल्या नुसत्या पेट्रोल गाड्यांना तिथे पळता भुई थोडी झाली. व्होल्टला जे कधी साधले नाही, ते या गाडीने किमतीवर साधले.

भारतात बीवायडी विकते त्या सगळ्या निव्वळ विजेच्या गाड्या. प्लग-इन हायब्रिड आपल्याकडे आल्या त्या व्होल्वो, बीएमडब्ल्यू, पोर्शे यांच्या, कोटीच्या घरातल्या. याचे एक कारण कर. विजेच्या गाडीला ५ टक्के जीएसटी. प्लग-इन हायब्रिड चार मीटरपेक्षा लांब किंवा तिचे पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या वर असेल, तर सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार ४० टक्के. रोजचे ५०-६० किलोमीटर पेट्रोलशिवाय धावणाऱ्या गाडीला निव्वळ पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या एसयूव्हीच्या पंगतीत बसवणे अन्यायाचे आहे. वायर डिकीत ठेवून फिरणाऱ्यांना सवलत का द्यावी, हा सवालही युरोपचा अनुभव पाहता चुकीचा नाही. पण गाडी विजेवर किती धावली याची नोंद गाडीतच ठेवता येते आणि सवलत त्या नोंदीला बांधता येते.

हिशेब मात्र मोहात पाडणारा आहे. तळेगावहून पुण्यात नोकरीला जाऊन-येऊन रोज ७० किलोमीटर होतात असे धरा. दुसऱ्या आवृत्तीच्या व्होल्टला शंभर किलोमीटरला साधारण १९ युनिटे लागतात. युनिटला १० रुपये आणि पेट्रोलला लिटरमागे १०४ रुपये धरले, तर महिन्याच्या २५ फेऱ्यांना विजेवर सुमारे ३,३०० रुपये आणि त्याच गाडीत पेट्रोलवर १०,००० रुपये. पहिल्या आवृत्तीत मात्र परत येताना शेवटच्या टप्प्यात इंजिन सुरू झाले असते.

जानेवारी २०२४ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांनी उत्तर अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड पुन्हा आणण्याची घोषणा केली. आपल्याकडेही परवडणाऱ्या किमतीची अशी गाडी येईल तेव्हा शोरूमच्या माणसाला ॲव्हरेज विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नुसत्या विजेवर किती किलोमीटर जाते, जोरात पळवली की इंजिन सुरू होते का, आणि बॅटरी रिकामी असताना लिटरला किती देते. चौथा प्रश्न आपल्याच सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायचा, पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा प्लग घेऊ द्याल का? तिथे नकार आला तर ही गाडी घेऊ नये, साधी हायब्रिड बरी.